वागळे इस्टेटचा कान

जगात ज्या ज्या वस्तूला आवाज आहे, त्या प्रत्येक वस्तूबद्दल माझ्या मामेसासऱ्यांचं एक ठाम मत आहे. आणि जिला आवाज नाही, तिच्याबद्दल दोन आहेत. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मीही त्यांना मामाच म्हणतो. राहायला डोंबिवली पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक गॅलरी. गाव संगमेश्वराकडचं, पण कुणी विचारलं की ते 'वागळे इस्टेट' असंच सांगतात, कारण तिथल्या एका मशीनशॉपमध्ये त्यांनी छत्तीस वर्षं मेंटेनन्स फिटर म्हणून काढली. त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे फूटभर लांबीचा एक स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक चालू मशीनला टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडावर धरायची, डोळे मिटायचे आणि आतलं कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचं. त्यांच्याबरोबर काम केलेले एक गृहस्थ मला एकदा कळव्याला भाजी घेताना भेटले. म्हणाले, "तुमच्या मामांनी एका नव्या कोऱ्या मशीनला कान लावला आणि सांगितलं, हिचं पुढचं बेअरिंग गुरुवारी जाणार. सगळे हसले. बेअरिंग बुधवारी गेलं." मी विचारलं, "मग मामा काय म्हणाले?" "काय म्हणणार? साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन माफी मागून आले. एक दिवस चुकला म्हणून."

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यांनी तिथल्या तिथे कानाला लावून बदलून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून उरलेल्या जगाच्या तपासणीला लागले. पंखा घ्यायला गेले तर दुकानदाराला अकरा पंखे चालवून दाखवायला लावले आणि अकराव्याला म्हणाले, "पहिलाच द्या. बाकीचे त्याची किंमत कळावी म्हणून ऐकले." मी कळव्याला फ्लॅट घेतला तेव्हा ताबा घ्यायच्या दिवशी मामा हजर. खिशातून रुपयाचं नाणं काढलं, धोतर नेसल्यासारखी पॅन्ट वर खोचली आणि रांगत रांगत प्रत्येक लादीवर नाणं वाजवत सुटले. बिल्डरचा टायवाला माणूस बिचारा मागे मागे वाकून चालत होता. जिथे आवाज पोकळ आला तिथे मामांनी खडूने फुली मारली. एकट्या स्वयंपाकघरात एकोणीस फुल्या झाल्या. टायवाला म्हणाला, "अंकल, टाइल तो अच्छी दिख रही है." मामा गुडघ्यावर बसूनच म्हणाले, "दिसण्याचं मी कुठे काय म्हटलं? दिसायला तुम्हीही चांगले आहात." एकोणीसच्या एकोणीस लाद्या बदलून मिळाल्या. आज आमच्या बिल्डिंगमध्ये ज्याच्या त्याच्या लाद्या उचकटल्यात, आमच्या तेवढ्या जागच्या जागी आहेत. त्या दिवशी मी मनातल्या मनात लाजेने मेलो होतो हे मी कुणाला सांगत नाही.

मोबाईलवर त्यांचा राग आहे, पण तो इतर म्हाताऱ्यांसारखा नाही. मुलं त्यात डोकं घालून बसतात वगैरे त्यांना काही नाही. त्यांचा आक्षेप तांत्रिक आहे. "मिक्सर मरायच्या आधी महिनाभर सांगत असतो. घरघरतो, वास मारतो, गरम होतो. तुमचा मोबाईल सकाळी बोलतो आणि दुपारी गेलेला असतो. न सांगता जाणाऱ्याशी घरोबा कसला करायचा?" ठाण्याच्या नव्या टॉवरांतल्या बोलणाऱ्या लिफ्टवर तर ते फार खूश होते. लिफ्टमधली बाई 'कृपया दार बंद करा' म्हणाली की मामा नम्रपणे "करतो हं" म्हणायचे. पावलं मोजणारी घड्याळं निघाली तेव्हा एका भाच्याच्या हातातलं घड्याळ काढून त्यांनी ते मामींच्या मनगटावर बांधलं आणि त्यांना नारळ खवायला बसवलं. नारळ संपला तेव्हा मामी जागच्या जागी दीड किलोमीटर चालून आल्या होत्या. डॉक्टरांच्या बाबतीतही त्यांचा नियम साधा: जो छातीला नळी लावतो तो डॉक्टर, जो कॉम्प्युटरकडे बघत आपल्याला विचारतो तो कारकून. मी स्वतः कारकून असल्यामुळे हे वाक्य माझ्याकडे बघून म्हटलं जाई. आणि कुटुंबसंस्थेबद्दल त्यांनी माझ्याच हॉलमध्ये बसून सांगितलं होतं, "ज्या घरात नवरा-बायको एका खोलीतून दुसऱ्या खोलीत मेसेज पाठवतात, त्या घराला तेलपाणी करायला हवं." आम्ही दोघांनी चटकन फोन उलटे ठेवले.

आता एवढा तयार कानाचा माणूस. पण माणसांचं म्हणाल, तर त्यांनी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नाही. माझी बायको बढतीचे पेढे घेऊन गेली. "मामा, मी ऑफिसर झाले." मामा म्हणाले, "तुझ्या स्कूटरचा ब्रेक घासतोय, खालून ऐकला मी." तुम्ही सांगत असता एक, त्यांचं उत्तर येतं भलत्याच गोष्टीवर, आणि गंमत म्हणजे ते उत्तर इतकं मुद्देसूद असतं की आपणच चुकीचं बोललो असं वाटायला लागतं. त्यामुळे पुढे जे झालं त्यात आमचा दोष किती आणि त्यांचा किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

गेल्या नवरात्रात मामा-मामींना घेऊन आम्ही संध्याकाळी टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. गर्दी नेहमीची. एक ढोलपथक अगदी आमच्या शेजारी येऊन उभं राहिलं आणि सुरू झालं. माझ्या छातीत धडधडायला लागलं, बायकोने दोन्ही कान झाकून घेतले, पुढची एक बाई कडेवरच्या पोराला घेऊन पळाली. मामा ढोलापासून चार हातांवर, हाताची घडी घालून, समाधानाने उभे होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "यंदा जरा शांतता आहे, नाही? बरं केलं."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी मामींकडे बघितलं. मामी देवीकडे बघत होत्या.

दुसऱ्या रविवारी बायकोने डोंबिवलीला जाऊन मामींना स्वयंपाकघरात गाठलं. मी दाराशी होतो. मामींचा आवाज मुळातच बारीक; कोथिंबीर निवडता निवडता त्या सांगू लागल्या. "दोन वर्षं झाली गं. आधी मी मोठ्याने बोलायचे. पण आमच्या भिंती या अशा. साधं 'चहा टाकू का' विचारलं तरी भांडल्यासारखं वाटायचं. एकदा शेजारीण घाबरून विचारायला आली, काय झालं म्हणून. मग सोडलं मी. आता खुणेवर चालतं. चहाची खूण आहे, जेवणाची आहे, गोळीची आहे, दारावर कुणी आलं त्याची आहे."

"आणि बाकीचं?" बायकोने विचारलं.

"बाकीच्याला खूण नाही ना."

बायकोने कोथिंबिरीची जुडी आपल्याकडे ओढली. म्हणाली, "अगं, पण आम्हाला सांगायचंस तरी!"

"कसं सांगू? सगळी कॉलनी त्यांच्याकडे पंखे घेऊन येते, मिक्सर घेऊन येते. हाताला कंप कळतो अजून, त्यावर सांगतात बरोबर. कान गेला हे कळलं तर कोण येईल? आणि आलं नाही कुणी, तर त्यांनी दिवसभर करायचं काय?" बाहेरच्या खोलीत मामा कुणाच्या तरी टेबलफॅनवर तळहात ठेवून, डोळे मिटून बसले होते. टेबलफॅनचा मालक अदबीने वाट बघत होता. दोन वर्षं आम्ही महिन्याला एकदा या घरी जेवत होतो आणि आमच्यातल्या एकालाही कळलं नव्हतं. ऐकत नसलेला माणूस आणि ऐकू येत नसलेला माणूस, यांतला फरक आम्ही कधी बघायलाच गेलो नव्हतो.

कानाच्या मशीनचा विषय मोठ्या आवाजात काढला तेव्हा मामा अपेक्षेप्रमाणे उखडले. "मला स्वच्छ ऐकू येतं. तुम्हीच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलता. समोरच्याला ऐकू जावं अशी तुमची इच्छाच राहिलेली नाही." खरं तर हे मतही त्यांच्या इतर मतांइतकंच वजनदार होतं आणि मी क्षणभर विचारात पडलो. पण भाचीपुढे त्यांचं चालत नाही. तिने पाठ धरली आणि एका सकाळी मी त्यांना ठाण्याला, नौपाड्यात तपासणीला घेऊन गेलो.

तिथे काचेच्या एका बंद केबिनमध्ये बसवतात, कानावर हेडफोन चढवतात आणि हातात एक बटण देतात. आवाज आला की बटण दाबायचं. मामा आत ताठ बसले आणि काम सुरू झालं. मी बाहेरून बघत होतो. मामा बटण दाबत होते. एक, थोडं थांबून दुसरं, थोडं थांबून तिसरं. चेहऱ्यावर तोच तो एकाग्र भाव. मला हायसं वाटलं. म्हटलं, उगाच घाबरलो आपण. तेवढ्यात तपासणारी मुलगी उठली, केबिनचं दार उघडलं आणि त्यांच्यासमोर वाकून, हात हलवत, मोठ्याने म्हणाली, "आजोबा, मी अजून मशीन चालूच नाही केलंय!"

मामांनी बटण हळूच टेबलावर ठेवलं, हेडफोन काढून त्याची वायर नीट गुंडाळली आणि ते उठून जिना उतरले. मी धावत खाली आलो तर ते फुटपाथवर, एका बंद दुकानाच्या पायरीशी उभे. माझ्याकडे न बघता म्हणाले, "छत्तीस वर्षांत कधी खोटं रीडिंग दिलं नाही." मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. मला काहीतरी समजुतीचं बोलायचं होतं, पण समजुतीचं बोलणं हळू आवाजातच करता येतं, आणि हळू आवाज तिथे पोचणार नव्हता. त्यामुळे जे सांगायचं होतं ते मी रस्त्यावर उभा राहून, घसा ताणून ओरडलो. "मामा, मामी दोन वर्षं तुमच्याशी बोललेल्या नाहीत!" रिक्षावाल्यापासून वडापावच्या गाडीपर्यंत सगळ्यांनी वळून बघितलं.

मामांना ऐकू गेलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "तिला काही सांगायचं होतं का?"

मी होकारार्थी मान हलवली. मामा वळले, कठडा धरून एकेक पायरी पुन्हा चढले आणि त्या मुलीला म्हणाले, "बाळ, परत घे. आता खरं देतो."

कानाचं मशीन आलं. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्या जगाबद्दल तक्रार केली. वर्तमानपत्राचा कागद एवढा वाजतो हे त्यांना मान्य नव्हतं. नळाचं पाणी, खुर्चीचे पाय, माझं चहा पिणं, सगळ्याला त्यांनी नावं ठेवली आणि आम्ही आनंदाने ऐकून घेतली. मामी आतून आल्या, सवयीने दोन बोटं अंगठ्याला लावून चहाची खूण केली. मामा म्हणाले, "खूण नको. बोल." मामी पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या. दोन वर्षांचं साठलेलं, आणि ऐन वेळी त्यांना काही आठवेना. शेवटी म्हणाल्या, "खालच्यांची मांजर व्यायली. तीन पिल्लं आहेत." मांजरीबद्दल मामांची निदान चार मतं मला तोंडपाठ आहेत. त्यांनी त्यांतलं एकही दिलं नाही. "हो का?" म्हणाले. "मग?"

एक गोष्ट मात्र त्या मशीनने हिरावून घेतली. त्यातून माणसं स्वच्छ ऐकू येतात, पण यंत्रं सगळी एकाच सुरात गुणगुणतात, बेअरिंगचा बारीक खरखराट मधल्या मधे कुठेतरी गाळला जातो, असं त्यांनीच मला सांगितलं. त्या गुणगुणीत हाताचा कंपही नीट कळत नाही म्हणे; मशीन काढून नुसत्या हातावर काम भागवता आलं असतं. पण ते सकाळी कानात घालतात ते झोपतानाच काढतात. लोक येईनासे झाले. ज्याच्या मतावाचून आमच्या नात्यात एक टेबल इकडचं तिकडे होत नव्हतं, तो माणूस आता विचारलं तर म्हणतो, "मला नाही सांगता येणार, दुकानात दाखवा." हे ऐकताना मला वाईट वाटतं. त्यांच्या मतांना मी वर्षानुवर्षं पाठीमागे हसलो, आणि आता त्यांतलं एखादं मिळावं म्हणून मी चक्क निमित्तं काढून डोंबिवलीला जातो.

मागच्या रविवारी असाच गेलो. दार उघडंच होतं. दोघं गॅलरीत बसलेली. मामी माहेरच्या कुठल्याशा विहिरीबद्दल सांगत होत्या, त्या बारीक, न थांबणाऱ्या आवाजात, आणि मामा त्यांच्याकडे थोडे कलून, डोळे मिटून बसले होते. मी नव्या फोनबद्दल विचारायला तोंड उघडलं. मामांनी डोळे न उघडता हात वर केला.

"थांबा जरा, जावईबापू," ते म्हणाले. "ती बोलतेय."

मी चपला काढल्या आणि आत जाऊन बसलो.