गुडघा टेकला होता का

हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जायचं आणि वर त्याला खेळ म्हणायचं! अमेरिकन फुटबॉल मला कधीच आवडला नाही. पण मुलगा विद्यापीठाच्या संघात होता, आणि आमच्या घराचा सगळा जीव त्याच्या डाव्या गुडघ्यात अडकला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, आणखी एक दणका बसला तर पळणं विसरा. त्याने सीझनची शेवटची मॅच तेवढी मागून घेतली. निघताना बायको म्हणाली, "अहो, तुम्ही तिथे आहात म्हणून पाठवतेय हं." 

मी तेव्हा जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये गाड्यांच्या टकरीच्या चाचण्यांचे व्हिडिओ तपासायचो. गाडी भिंतीवर आदळते, आतला पुतळा पुढे फेकला जातो, आणि त्याचा गुडघा नेमका कुठे लागला ते मी एकेक फ्रेम थांबवून लिहायचो. नियम एकच होता. एखादी गोष्ट कशाच्या आड गेली असेल, तर अंदाज करायचा नाही. 'दिसत नाही' असं लिहायचं. माझं हे काम ऐकून दोन्ही संघांनी मलाच मचाणावरच्या कॅमेऱ्यापाशी बसवलं. वाद झाला तर रेफरी वर येऊन माझ्या लॅपटॉपवर पाहणार होते. पुरावा स्पष्ट असेल तरच मैदानावरचा निर्णय फिरवायचा, असं ठरलं होतं.

भर दुपारी मैदानामागच्या द्राक्षमळ्यांवर आभाळ काळवंडून आलं. मुलगा लंगडतोय हे मला वरून दिसत होतं. एक टचडाउन झाला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे गेला, की त्याला बाहेर बसवतो, असा शब्द आमच्या ट्रेनरने मला दिला होता. मी घड्याळाकडे बघत बसलो.

शेवटची काही मिनिटं उरली असताना मुलाने चेंडू छातीशी धरून रेषेवर झेप घेतली. रेफरींनी दोन्ही हात वर केले. टचडाउन! सुटलो बाबा एकदाचे, मी मनात म्हटलं. मुलाने खालून "पापा!" म्हणून हात केला. तेवढ्यात समोरच्या संघाचा ट्रेनर ओरडला, चेंडू रेषेपलीकडे जाण्याआधीच गुडघा टेकला होता. आणि गुडघा टेकला की चेंडू तिथेच थांबला असं धरतात. रेफरींच्या मागोमाग तोही मचाणावर चढला आणि मला म्हणाला, "तू तर त्याचा बाप आहेस!"

मी व्हिडिओ चार वेळा मागे नेला. नेमक्या त्या क्षणी एका धिप्पाड खेळाडूची पाठ मध्ये येत होती.

माझे वडील शाळामास्तर. त्यांच्या वर्गात होतो, तेव्हा माझे दोन मार्क हमखास कापले जायचे. का, तर लोकांनी बोट दाखवू नये. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणेल, याची आम्हाला इतकी धास्ती की आम्ही त्याचं माप कापूनच मोकळे होतो.

"टेकलाय," मी म्हणालो.

"झिशर?" रेफरींनी विचारलं. खात्री आहे?

"गेनाऊ." अगदी.

टचडाउन रद्द झाला. समोरच्या ट्रेनरने माझा हात हातात घेतला, प्रामाणिक माणूस म्हणाला. लाज वाटते सांगायला, पण मला बरं वाटलं.

चेंडू रेषेच्या वीतभर अलीकडे ठेवला गेला आणि मुलगा पुन्हा त्याच गर्दीत घुसला. बाकीचे उठले. तो उठला नाही. या वेळी मध्ये कोणाची पाठ नव्हती. पाय कसा वळला ते सगळं मला दिसलं.

ऑपरेशननंतर तो घरी पाय खुर्चीवर टाकून त्या रद्द झालेल्या टचडाउनचा व्हिडिओ पुन्हापुन्हा बघायचा. एका संध्याकाळी त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मराठी त्याला कळतं, पण तो बोलतो जर्मनच. "पापा, वो इस्ट दास क्नी?" गुडघा कुठे आहे?

मी बराच वेळ पाहिलं. मग खरं ते सांगितलं. "दिसत नाही."

बायको पोळ्या टाकून दारात आली होती. हाताला कणीक तशीच. ती म्हणाली, "अहो, मग तुम्ही त्या दिवशी काय बघून सांगितलंत?"