चार दिवस प्राग आणि अकरा नावांचा सातबारा

माझ्या बायकोला चार दिवस प्राग शहर बघायचं होतं, आणि माझ्या भावकीने ठरवलं की मी ओढ्याकाठची जमीन परदेशी पार्टीला विकली. या दोन गोष्टींचा संबंध काय, असं कुणीही शहाणा माणूस विचारेल. मीही विचारला. दोन महिने ओरडून विचारला. आज शांतपणे लिहायला बसलोय, तरी कानशिलं तापली आहेतच.

आमचं घर कार्ल्यात, हायवेपासून जरा आत. मागच्या अंगाला दोन खोल्या बांधल्यात, त्या पाहुण्यांना देतो. पाहुणे म्हणजे उर्से टोलनाक्यावरून फोन करून "पोचलोच, पिठलं गरम ठेवा" असं सांगणारे आणि दोन तासांनी उगवणारे. भुशी धरणावर भिजून आलेले कपडे आमच्या तारेवर पिळायचे, आमच्याच पडवीत बसून "हितं बघण्यासारखं काय आहे हो?" विचारायचं. हे सगळं माझी बायको अठरा वर्षं हसतमुखाने निभावतेय. माझं तोंड पहिल्या वर्षीच वाकडं झालं, म्हणून मला पाहुण्यांसमोर फार आणत नाहीत.

एक पाहुणी खोलीत प्रागचा नकाशा विसरून गेली. बायकोने तो जपून ठेवला आणि आठवड्याभराने म्हणाली, "मला एकदा पाहुणी व्हायचंय. कुणीतरी मला विचारावं, चहा घेणार की कॉफी. आणि गर्दी नको. मी जन्मात गर्दी नसलेलं पर्यटनस्थळ बघितलेलं नाही."

तिने आजवर मागितलं ते एवढंच. मी हो म्हणालो, आणि आम्ही कामाला लागलो. आम्ही धंद्यातलेच. कुणाला कधी खोली स्वस्तात द्यावी लागते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. फेब्रुवारीत आमच्याकडे शुकशुकाट असतो आणि तिकडे मरणाची थंडी. दोन्हीकडची मंदी जुळली. बायकोने तिथल्या एका छोट्या लॉजला मेल पाठवली. सलग चार दिवस राहू, चादरी-टॉवेल एकदाही बदलू नका, नाश्ता आमचा आम्ही करू, तर किती कमी कराल? धुलाईत किती पैसा जातो हे जिला ठाऊक, तीच हा प्रश्न विचारू शकते. लॉजवाल्याने निमूट कमी केले. विमानाचं तिकीटही सर्वांत स्वस्त काढलं. तारीख बदलता येणार नाही आणि पैसे परत मिळणार नाहीत, असं त्यावर ठळक लिहिलं होतं.

"किल्ल्याच्या आवारात फिरायला पैसे नाहीत," मी नकाशावर बोट ठेवून म्हणालो. "आत जायला तिकीट आहे. आपण बाहेरून बघू."

"लोहगड मी आयुष्यभर बाहेरूनच बघतेय," ती म्हणाली. "हा आतून बघणार."

मग आली व्हिसाची यादी. त्यात माझ्या रागाचा पहिला हप्ता चुकता झाला. म्हणे, तुम्ही परत याल याचा पुरावा द्या. अरे, मी परत येणार नाही तर जाणार कुठे? माझी म्हैस इथे, माझा गुडघ्याचा डॉक्टर इथे. आमच्या अंगणात शेकडो लोक येऊन राहिले, त्यातल्या एकालाही मी "परत जाल ना?" असं विचारलेलं नाही. विचारावंसं खूप वाटलं, ते वेगळं.

बायको म्हणाली, "घरपट्टीची पावती आणि बँकेचा कागद पुरे आहे. सातबारा नको."

मी म्हणालो, "का नको? कळू दे त्यांना, आपण जमीनवाले आहोत ते."

हा माझा तोरा. सातबारा फोनवरही निघतो, पण मला शिक्क्याचा, सहीचा हवा होता. म्हणून मी वडगावला, तालुक्याच्या कचेरीत गेलो. आमच्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, आणि मावळात ज्याने सातबारा काढला त्याने जमीन विकायला काढली, असंच धरतात. इथे सातबारा काढून हातात घेऊन उभं राहणं म्हणजे भर बाजारात बाशिंग बांधून उभं राहणं. लग्न कुणाशी, एवढाच प्रश्न उरतो.

रांगेत माझ्या मागे चुलतभाऊ निघाला. मुलाच्या दाखल्यासाठी आला होता.

"भाऊ, सातबारा कशाला?"

"युरोपला पाठवायचाय," मी म्हणालो. "इंग्रजी करून."

मी शंभर टक्के खरं बोललो होतो. आयुष्यात इतकं स्वच्छ खरं मी क्वचित बोललोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला सहा माणसं अंगणात हजर. पुढे आबा, माझे थोरले चुलते, अकरा नावांतलं पहिलं नाव. ते खुर्चीत बसले, टोपी नीट केली आणि माझ्याकडे न बघता म्हशीकडे बघत म्हणाले, "कितीला दिली?"

"काय?"

"म्हैस न्हाई. जमीन."

"आबा, आम्ही फिरायला चाललोय. चार दिवस. प्रागला."

"कुटं हाये ते?"

"युरोपात."

"बघा," चुलतभाऊ म्हणाला. "म्हनलं न्हवतं म्या? पार्टी फॉरेनची हाये. यांना सौदा करायला नेत्यात फुकट."

"फुकट?" मी उठलोच. "चार दिवस चादर न बदलता राहणार आहोत आम्ही. फुकट नेणारी पार्टी चादर बदलत नाही होय रे?"

"मग सातबारा कशाला लागतोय फिरायला? आमी बी फिरतो. जेजुरीला गेलतो, कुणी सातबारा न्हाई मागितला."

बायकोने नकाशा आणून आबांपुढे पसरला. आबांनी नदी, पूल, किल्ला सगळं नीट बघितलं आणि विचारलं, "सूनबाई, यात आपला ओढा कुटं येतोय?"

मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ज्यांनी स्वतः बांध कोरून कोरून माझं एक आंब्याचं झाड आपल्या बाजूला नेलं, ते मला चोर म्हणत होते. मी तेही बोललो, सगळ्यांच्या आज्यापणज्यांसह. आबा शांतपणे उठले. "एकदाचं वाटप करून टाकू," म्हणाले, आणि खरोखरच त्यांनी तहसील कचेरीत वाटपाचा अर्ज दिला.

व्हिसा आला. बायकोने दोघांसाठी जुन्या बाजारातून जाड कोट आणले. आणि त्याच आठवड्यात नोटीस आली. वाटपाची सुनावणी फेब्रुवारीत, आमच्या चार दिवसांतल्या बरोबर दुसऱ्या दिवशी. मी हजर राहिलो नाही, तर ओढ्याकाठचा तुकडा माझ्या गैरहजेरीत कुणाच्या पदरात जाईल हे मला दिसत होतं. हजर राहिलो, तर तिकीट बुडणार होतं. दुसऱ्यांदा काढण्याइतकी आमची ऐपत नव्हती.

"एकटी जा तू," मी म्हणालो.

"एकटी पाहुणी व्हायला मला मावसबहीण आहे तळेगावात," ती म्हणाली. "आबांकडे जा. अर्ज त्यांचा आहे, तारीख तेच पुढे मागू शकतात."

"त्यांच्या पाया पडू मी?"

"पाया पडू नका. खरं सांगा."

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी. ती मी आतापर्यंत दाबून ठेवली, कारण तिच्याशिवाय माझा राग जास्त शोभून दिसत होता. ज्या वर्षी पाहुणे येणंच बंद झालं आणि दोन्ही खोल्यांना कुलूप होतं, त्या वर्षी मी एका दलालाला ओढ्याकाठी घेऊन गेलो होतो. जागा दाखवली. चहा पाजला. भाव पटला नाही म्हणून राहिलं, नाहीतर मी माझा हिस्सा विकला असता. हे फक्त बायकोला माहीत होतं. आणि तरी मी अंगणात उभा राहून, हात वर करून, भावकीच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. माझा आवाज एवढा का चढला होता, हे तिला कळलं होतं. मला कळायला नोटीस यावी लागली.

दोन दिवस मी फणफणत काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या घरी गेलो. आबा दारात विळ्याला धार लावत होते.

"आबा, आता खरंच फिरायलाच चाललोय. पण मागं एकदा मी दलाल आणला होता. जागा दाखवली होती. तुम्हाला विचारलं नव्हतं."

आबांनी विळा उन्हात धरून धार बघितली. "म्हाईत हाये."

"कसं?"

"तो आदी माझ्याकडंच आलता."

"तुमच्याकडे?"

"व्हय. म्या बी दाखवली जागा. मागनं त्यानंच सांगितलं तुझं. मला तर तुझ्यापेक्षा कमी भाव बोलला हुता, भाडखाऊ."

अंगणात, सहा माणसांसमोर, माझ्या बायकोच्या नकाशात ओढा शोधणारा हा म्हातारा. मला पाप्यांच्या पंगतीला बसवून स्वतः वाढपी झालेला. पुन्हा तोंड सोडावंसं वाटत होतं. पण मी कागद पुढे केला. बायकोने आधीच लिहून दिला होता, सुनावणीची तारीख पुढे मिळावी म्हणून. आबांनी चष्मा शोधला, दोनदा वाचला.

"ती खरंच चाललीय व्हय बघायला?"

"हो."

"लय दिवस राबली ती," म्हणत त्यांनी सही केली. "वाटप मातर आल्यावर करायचं. दोगं बी हजर ऱ्हायचं."

कागद खिशात घातला, कुंपणाबाहेर आलो, आणि मग मी त्यांच्याकडे वळून जे मनात होतं ते सगळं बोललो. आबा विळ्याला धार लावत ऐकत राहिले. एकदा मान डोलावली, बहुधा आंब्याच्या झाडाच्या उल्लेखाला.

घरी आलो तेव्हा बायको पाहुण्यांसाठी कांदा चिरत होती. सगळं सांगितलं.

"आणि त्यांच्यावर ओरडलात?"

"हो."

"सहीच्या आधी की नंतर?"

"नंतर."

"मग बरं," ती म्हणाली. तेवढ्यात फोन वाजला. पुण्याचे नेहमीचे पाहुणे, फेब्रुवारीतल्या त्याच दिवसांसाठी दोन्ही खोल्या मागत होते. तिने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि चिरणं न थांबवता म्हणाली, "नाही हो, त्या दिवसांत जमणार नाही. आम्ही बाहेर चाललोय." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण सुरी थांबली आणि ती मजेत म्हणाली, "नाही नाही, महाबळेश्वरला नाही."