खळ लावलेला पिकअप

आमच्या ऑर्केस्ट्राच्या मास्तरांना दोन व्याधी होत्या. एक दमा आणि दुसरा साळा. दम्यावर निदान औषध तरी होतं. साळा भिलाईहून गिटार घेऊन यायचा, बहिणीकडे महिना-महिना मुक्काम ठोकायचा, आणि बहीण मास्तरांच्या मागे लागायची, की माझ्या भावाला बसवा ऑर्केस्ट्रात.

पण गिटारच्या खुर्चीवर मी बसलेली. महाल वस्तीतल्या विणकराची पोरगी, दोन वेण्या, आणि गिटार कोणी शिकवलेली नाही. रेडिओ ऐकायचा आणि बोटांनी शोधायचं, एवढीच शाळा. मला स्वरांची नावं येत नव्हती, गिटारच्या दांडीवरची घरं येत होती. अमुक गाणं म्हणजे तिसऱ्या घरातून पाचव्यात, मग मोकळी तार. तेच गाणं दुसऱ्या पट्टीत वाजव म्हटलं, की मी ठार आंधळी.

हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून सत्तरच्या दशकाच्या शेवटी, धरमपेठेतला शारदा उत्सव तीन आठवड्यांवर आलेला असताना, त्यांनी नवीन गायिका आणली. दवाखान्यात नर्स होत्या बाई. आवाज असा भारदस्त, की सुई टोचायच्या आधीच पेशंटनं बरं व्हावं. पण खालचा.

"बाईची पट्टी चार घरं खाली हाये," मास्तर मला म्हणाले. "तुले जमत असन तं सांग. नाही तं धरमपेठेच्या कार्यक्रमाले माझा साळा बसन."

"जमते," मी म्हटलं.

"कसं जमते वं?"

"जमते म्हटलं नं!"

कसं ते मला तरी कुठं माहीत होतं! घरी आले आणि सगळ्या खुंट्या ढिल्या करून तारा चार पट्ट्या खाली आणल्या. म्हणजे बोटं त्याच घरांत, आवाज खाली. हुशारीच की नाही? पण तारा अशा लोळल्या, जशी ओल्या लुगड्यांनी वाकलेली दोरी. छेडली की फरफर, फरफर. खालच्या सुराला जाड तार लागते, हे तेव्हा कळलं.

सीताबर्डीच्या वाद्यांच्या दुकानात गिटारच्या तारांचं पाकीट एकाच जातीचं, पातळ. दुकानदार म्हणाला, "जाड पाहिजे तं तंबोऱ्याची खर्जाची ने." नेली. ओसरीवर बसून छेडली तर काय तो घुमारा! शेजारची म्हातारी हात जोडून उभी राहिली. मग गिटार अँप्लिफायरला जोडली, आणि तार मुकी. हलताना दिसत होती, पण डब्यातून हूं नाही की चूं नाही.

आमच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. तो पोट धरून हसला. "अवं, ही तार पितळेची! तारांखाली तो चपटा पिकअप हाये नं, त्यात चुंबक असते. लोखंड हाललं तरच त्याले समजते. पितळ त्याच्यासमोर नाचलं तरी त्याले काय?"

त्यानंतर मी तार घ्यायला जाताना पदराच्या टोकाला चुंबकाचा तुकडा बांधून न्यायची. प्रत्येक तारेला आधी तो लावून बघायची. दुकानदार म्हणायचा, पोरगी कामातून गेली.

शेवटी उपाय साधाच निघाला. सगळ्यात बारीक तार काढून टाकली आणि बाकीच्या पाचही एकेक जागा सरकवल्या. बसमध्ये म्हणतात नं, सरका हो जरा, तसं. वरच्या जाड तारेची जागा रिकामी झाली, तिथं आमच्या बेसवाल्याची जुनी तार घातली. तिच्यासाठी दांडीच्या टोकाची खाच कानशीनं घासून रुंद केली. आता तारा ताठ बसल्या, फरफर गेली.

पण आवाज गोणपाटात गुंडाळल्यासारखा, आणि लहान. पिकअप जुना, अशक्त. दुकानात एक नवीन होता, तो वाजवून पाहिला तर डास कानाशी यावा तसा. वरच्या सुरांना ठीक, आमच्या बाईंच्या आवाजाखाली मेलाच असता. मिस्त्री म्हणाला, "आतली तार जास्त गुंडाळली तं आवाज मोठा होईन, जाड बी होईन. पण ते तांबं केसाहून बारीक. गुंडाळता गुंडाळता तुटते. माझ्यानं होत नाही."

"तुमच्यानं होत नसन," मी म्हटलं. "माझ्या आईच्या हातून धागा तुटत नाही."

आईनं जन्मभर रहाटावर कांड्या भरलेल्या. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती, सुताची. जुन्या पिकअपचा सांगाडा आम्ही रहाटाच्या चातीवर, म्हणजे फिरत्या सळईवर, बसवला आणि आई तांब्याची तार भरू लागली. चिमटीत तार, डोळे खिडकीबाहेर, तोंड चालू.

"हे कोणाचं लुगडं होऊन राहिलं वं?"

"मास्तरच्या साळ्याचं कफन."

"मग जाड भरते."

एकदाही तुटली नाही. भरून झालं आणि आईनं सवयीनं चुलीवरची खळ घेतली, तांदळाची, ताण्याला लावतात ती, आणि कुंच्यानं त्या तांब्यावर सारवली. मी तिथंच बसलेली. मला काहीच वावगं वाटलं नाही. आमच्या घरात खळ न लावलेला धागा म्हणजे आंघोळ न केलेला माणूस. उन्हात वाळवला, कडक झाला, बसवला. आणि गिटार अशी बोलली, की मिस्त्री दुकान सोडून आला. तालमीला मास्तरांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. बाई खूष.

उत्सवाच्या आदल्या दिवशी परतीचा पाऊस कोसळला. मांडव ओला, सतरंज्या ओल्या, हवा ओली. शारदादेवी तेवढी कोरडी, तिच्यावर ताडपत्री. हातात वीणा धरून बसली होती. तिला कोणी म्हणत नाही, चार पट्ट्या खाली ये.

पहिलं गाणं झकास झालं. टाळ्या. दोन गाण्यांच्या मधे मास्तर ढोलकवाल्याच्या कानात काही सांगायला वाकले. ढोलकवाला माझ्या पलीकडे, म्हणजे मास्तर माझ्या मांडीवरच्या गिटारवरून आडवे झाले, तोंड बरोबर पिकअपवर. मी आवाजाची कळ पूर्ण फिरवून ठेवलेली. आणि मांडवातल्या दोन्ही कर्ण्यांतून, पत्र्याच्या डब्यात कोंडलेल्या आवाजात, साऱ्या धरमपेठेनं ऐकलं:

"आज चालली तं चालू दे हिले. दिवाळीच्या कार्यक्रमाले साळ्याले बसवतो. नाही तं बायको मले जेवाले देत नाही."

एक क्षण कोणाला कळेना, की देवी बोलली का काय. मग सारा मांडव हसून फुटला. मास्तरीणबाई पहिल्याच रांगेत होत्या. त्या हसल्या नाहीत, आणि शेजारी बसलेला त्यांचा भाऊ तर सतरंजीवरची नक्षी मोजायला लागला.

नर्सबाईंनी माईक ओढला. "मास्तर, जेवाले माझ्याकडे या. पण ह्या पोरीले उठवलं तं मी बी उठली समजा. माझी पट्टी हिच्या गिटारीत हाये."

पुढचं गाणं मास्तरांनी सुरू केलं ते डोळे मिटून. मी उठले नाही. त्या खुर्चीवर पुढं सात वर्षं बसले.

मिस्त्रीनं दुसऱ्या दिवशी पिकअप उघडून पाहिला. दमट हवेनं खळ मऊ पडली होती आणि आतली तार ढिली झाली होती. "ढिल्या तारेले कान उगवतात," तो म्हणाला. "बोललेलं ऐकते ती. वितळलेल्या मेणात बुडवून काढ, बंद होईन."

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "धाग्याले मेण? काहून वं, तो काय मेणबत्ती हाये?" पण संध्याकाळी तिनंच मेणबत्त्यांचा पुडा आणून ठेवला.

मी तो फडताळात वर टाकला. मेण लावलं मी, पण मास्तरांनी ऑर्केस्ट्रा सोडल्यावर. तोवर ढोलकवाल्याच्या कानात काही सांगायचं झालं, तर ते स्टेजला पूर्ण वळसा घालून जायचे, दमा असूनसुद्धा.