ऑलिव्हर ढमढेरेचे दोन झेंडे

सलीमभाईंच्या जर्सी छपाईच्या दुकानात बसलं की हाताला रंग लागतो आणि डोक्यात किस्से साठतात. रंग घरी जाऊन धुता येतो. किस्से कुणाच्या तरी अंगाला पुसल्याशिवाय चैन पडत नाही. आज तुमचा नंबर!

दुकान विश्रांतवाडीत. मी तिथलं कायमचं गिऱ्हाईक, काहीही न घेणारं. शिक्षण सातवी, तीही दोनदा. आयटीतला निखिल कांबळे दर शनिवारी लॅपटॉप घेऊन येतो आणि कटिंगच्या टेबलावर भारताचा फुटबॉल कोच होतो. गेममध्ये हो! संघ त्यानं निवडायचा, मॅच कॉम्प्युटरनं खेळायची. गड्याचं स्वप्न एकच : भारताला वर्ल्ड कपला न्यायचं.

*

एकदा एका खेळाडूच्या नावापुढे दोन झेंडे दिसले. एक इंग्लंडचा, एक आपला. नाव ऑलिव्हर ढमढेरे! कॉम्प्युटरनंच जन्माला घातलेला, लंडनच्या क्लबचा स्ट्रायकर. बाप मराठी, आई इंग्लिश.

"बापू, हा आला तर आपण वर्ल्ड कपला!" निखिल म्हणाला.

"मग बोलव की."

"तसं नाही होत. तिकडचा पासपोर्ट सोडावा लागतो. आपल्याकडे दोन चालत नाहीत."

"अरे, त्याला सांग, लंडनमध्ये ढमढेरेचं स्पेलिंग सांगून सांगून जीव जात असेल. इकडे आलास की तो त्रास तरी मिटेल!"

*

निखिलनं आमंत्रण धाडलं. ऑलिव्हरचं उत्तर : 'विचार करतो.' महिन्यांमागून महिने गेले, मध्ये गड्याचा गुडघाही दुखावला, उत्तर तेच. गेममधले महिने हो, शनिवार दोनच झाले होते.

निखिल भडकला. "काय फालतू गेम आहे! बाकीच्या देशांना परदेशात वाढलेली पोरं धडाधड मिळतात. आमचाच तेवढा विचार करतो! रिअॅलिझम म्हणून काही आहे का?"

सलीमभाईंचा थोरला, समीर, बर्मिंगहॅमला असतो. तिकडचा पासपोर्ट घेतला तेव्हा इकडचा जमा करून बसलाय. सलीमभाई जर्सीवरचा हात न काढता म्हणाले, "बेटा, गेम एकदम खरा आहे. 'परत कधी येतोस' म्हणून मी दर ईदला विचारतो. आमचा समीरही हेच सांगतो."

*

मग मला राहवेना. निखिल ऑफिसात असताना मी दुसऱ्याच्या फोनवरून त्याला फोन लावला. आवाज जाड केला.

"मी ऑलिव्हरचा चुलता बोलतोय, वाघोलीहून. पोरगं तयार हाय. पण मानपान नीट झाला पायजे!"

मला वाटलं, ओळखलं, आता शिव्या बसणार.

निखिल हळूच म्हणाला, "काका, त्याचा गुडघा आता कसा आहे?"

*

निखिलच्या आई शोभाताई महापालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. रिटायर झाल्या, आवाज नाही झाला. त्याला जेवायला बोलवायला आल्या आणि सगळं प्रकरण ऐकून घेतलं.

"त्याच्या आईला विचारलंस का?"

"आई, तसं बटणच नाहीये गेममध्ये."

"मुलगा देश बदलतोय आणि आईला विचारायची सोय नाही? आणि म्हणे खऱ्यासारखा गेम!"

निखिलनं त्याच दिवशी गेमच्या कंपनीला तशी सूचना धाडली. खोटं वाटेल, पण उत्तरही आलं. 'विचार करतो!'

*

आणि एका शनिवारी ऑलिव्हर हो म्हणाला. पासपोर्ट सोडला, भारताचा घेतला. आता शेवटची मॅच. जिंकली तर वर्ल्ड कप, नाहीतर सगळं मुसळ केरात.

त्या दिवशी शोभाताईसुद्धा दुकानात स्टुलावर बसून. बरोबरी काही सुटेना. निखिलनं ऑलिव्हरला उतरवला. सलीमभाई गरम प्रेस दाबून स्क्रीनकडे बघत राहिले. खाली कुणाची तरी जर्सी करपली, धूर झाला, आणि त्या धुरात ऑलिव्हरनं गोल मारला!

मी नाचलो. सलीमभाईंनी करपलेली जर्सी झेंड्यासारखी फिरवली. शोभाताईंनी पर्समधून पेढे काढले, म्हणजे आधीच आणले होते! तोंडात पेढा धरून निखिलनं 'पुढे' दाबलं.

बातमी आली. ऑलिव्हर ढमढेरे आता परदेशी नागरिक. इंग्लंडमध्ये खेळायला वर्क परमिट लागतं, ते नाकारलं. क्लबनं त्याला मोकळं केलं.

"या अल्लाह," सलीमभाई खाली बसले. "हे मात्र अगदी खरं आहे."

निखिलचा पेढा गालातच राहिला. "मीच बोलावलं त्याला."

माझ्या जिभेवर एक टोमणा होता. गिळला.

शोभाताईंनी चष्मा लावला. स्क्रीनवर कॉम्प्युटरनं काढलेला त्याचा चेहरा होता, तो बराच वेळ बघितला.

"आता राहतोय कुठे हा?"

"आई, तो खरा नाहीये गं."

"ते मला कळतं. वाळलाय किती. आपली वरची खोली रिकामी आहे. कळव त्याला."