बुडाशी तीन भोकं

आमचं निम्मं वावर धरणाच्या पाण्यापलीकडे. पाणी चढलं की नाल्यातली वाट बुडते, आणि समोर डोळ्यांना दिसणाऱ्या वावरात जायला दिग्रसच्या अंगानं मोठा वळसा पडतो. म्हणून एका भोयाकडून जुना पत्र्याचा डोंगा घेतला. वल्हं मारून ह्यांचे खांदे भरून यायला लागले, तेव्हा मीच म्हटलं, याला बॅटरीवर चालवू.

हसू नका. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण फवारणीचे बॅटरीपंप घरात आले तशी ते उघडून पाहायची खोड मला लागली. लाल वायर कुठं, काळी कुठं, फ्यूज कशासाठी, हे मी पंप बिघडवून बिघडवून शिकले. मग गावातल्या बाया आपापले पंप माझ्याकडे आणायला लागल्या. त्याचा मला माज होता, आता कबूल करायला काय जातं.

ई-रिक्षाच्या दोन बॅटऱ्या आणल्या. पाण्यात पंखा फिरवणारी लहान मोटर मागवली. बॅटऱ्या मधोमध लाकडी पेटीत बसवल्या, ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळल्या, टोकांना व्हॅसलिन चोपडलं, वायर पाइपातून कडेकडेनं नेली. सगळं माझ्या हातानं. दीर काठावर उभे राहून म्हणाले, "वैनी, हा डोंगा हाय का बॅटरीचं दुकान? पाणी शिरलं त दगडावानी तळाले जाईन."

त्यांचं खरं होतं. त्यावर उपाय मलाच सुचला. फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या कॅन घट्ट झाकणं लावून फळ्यांखाली आडव्या बांधायच्या, म्हणजे डोंग्यात पाणी भरलं तरी कॅनमधली हवा त्याला वर धरून ठेवते. धाकट्या जावेला सांगितलं, "गोठ्यामागं ढीग हाय पाय. बारा आण, झाकणं चांगली पिळ, अन् बांधून टाक."

धाकटी जाऊ म्हणजे दिरांची बायको, मारेगावकडची. बोलणं कमी, हात चालू. तिनं ट्यूबच्या चकत्या कापून एकेका झाकणात घातल्या. मीही वरून पिळून पाहिली. एकही हलत नव्हतं.

आठ-दहा दिवस डोंगा असा चालला की काठावर माणसं पाहायला यायची. मग एका दुपारी ह्यांच्यासोबत आम्ही दोघी जावा परत येत होतो, तर पाण्याखालच्या एका जुन्या खोडाला डोंगा धडकला, कलला, आणि पाणी आत आलं. मी म्हटलं, भिऊ नका, कॅन आहेत. कॅननी नुसतं बुडबुड केलं आणि डोंगा पायाखालून गेला. काठ जवळ होता म्हणून बरं. छातीएवढ्या पाण्यातून आम्ही एकमेकांना धरून बाहेर आलो.

दीर धावत आले. "असं झालं कसं?"

आणि मी, अंगावरचं पाणी निथळायच्या आत, म्हटलं, "झाकणं ढिली राह्यली असन."

कोणाची ते बोलायची गरजच नव्हती. जाऊ माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, घाबरली.

दुसऱ्या दिवशी दोर लावून डोंगा ओढून काढला. बॅटऱ्या कामातून गेल्या होत्या, मी त्याच उघडून बसले. कॅन सोडायचं काम परत जावेकडेच.

तेव्हापासून ती घरात झाकणवाली झाली. तिनं लोणच्याची बरणी घेतली की दीर म्हणणार, "अवं, वैनीले लावू दे झाकण, नाही त लोणचंबी बुडन." हे हसायचे. मीही हसायचे. बायांच्या बचत गटापर्यंत ते नाव गेलं. नव्या बॅटऱ्या टाकून डोंगा परत चालू झाला, कॅनऐवजी थर्मोकोल घालून, पण ती त्यात बसली नाही. वळशानं जायची, अर्धी वाट बसनं आणि अर्धी पायी. विचारलं तर म्हणायची, "मले बरं वाटते पायी."

वर्ष गेलं. एका सकाळी ती अंगणात झेंडूला पाणी घालत होती. हातात औषधाची एक कॅन, आणि कॅनच्या बुडातून पाण्याच्या तीन बारीक धारा. झारीसारख्या.

आमच्या घरचा नियम आहे, आणि तो मीच घातलेला आहे. औषध संपलं की कॅन तीन पाण्यांनी धुवायची आणि बुडाशी खिळा ठोकून तीन भोकं पाडायची, म्हणजे चुकूनही कोणी तिच्यात प्यायचं पाणी भरणार नाही. ढिगातली एकेक कॅन माझ्याच हातची. भोकांत माती बसली होती म्हणून दिसली नाहीत. मी झाकणं पिळून पाहिली, पण कॅन उलटी करून पाहिली नाही.

"ही त्यातलीच का वं?"

"हो जी बाई."

"तुले कवा दिसली भोकं?"

"डोंगा काढला तवाच. बाराही तशाच व्हत्या."

"मंग बोलली काहून नाही?"

तिनं कॅन खाली ठेवली. "भोकं तुमीच पाडता ना. अन् झाकणाचं तुमीच बोलल्या. मले वाटलं, तुमाले माहीतच हाय."

म्हणजे वर्षभर ती याच समजुतीत माझ्या हातचं जेवली, की मी जाणूनबुजून तिच्यावर ढकललं. मला माहीत नव्हतं, हे मी तिला शपथेवर सांगितलं. पण सांगताना माझाच आवाज मला खोटा वाटला. कॅन उलटी करायला किती वेळ लागतो? मला पाहायचंच नव्हतं.

तरी घरात सांगायला मला आठ दिवस लागले. रात्री जेवताना एकदाचं सांगून टाकलं. हे घास हातात धरून हसायला लागले. "म्हणजे मास्तरीणबाईनंच डोंगा बुडवला!" दीर म्हणाले, "असू द्या वैनी, होते असं," आणि भाजी मागून घेतली. झालं. माझ्या चुकीला तेवढाच वेळ मिळाला. तिच्या नसलेल्या चुकीला वर्ष मिळालं होतं.

मी दिरांना म्हटलं, "मले नाही, तिले म्हणा काहीतरी." ते ताटाकडे पाहत भाकरी मोडायला लागले. ती उठून पाणी आणायला गेली.

सकाळी मी डोंग्याचं कुलूप काढलं आणि तिला हाक मारली. ती आली. पण चढायच्या आधी खाली वाकून थर्मोकोलची एकेक पट्टी ओढून पाहिली, सावकाश, शेवटपर्यंत. मी काठावर उभी राहिले. तिला पाहू दिलं.