दत्ताची एक टेस्ट

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी नाक्यावर भाजी घेत होतो. ‘हार्ट अटॅक’ एवढंच ऐकू आलं... पिशवी तिथंच राहिली. आदल्या संध्याकाळी ऑफिसातून निघताना हाच माणूस म्हणाला होता, “नांदेडकर, सोमवारी बगू. काम कुटं पळून जात न्हाई.”

दत्ता मुठा खोऱ्यातला, भातशेतीवाल्या घरातला. मी नोकरीसाठी इकडे आलेला. आम्ही वेबसाइटचे फॉर्म बनवायचो. एक बटण नीट चालतं का, हे तपासायला आधी खोटं पान उभं करायचं, माहिती भरायची, बटण दाबायचं, मग सगळं आवरायचं. प्रत्येक टेस्टला तोच पसारा. कंटाळून आम्ही टेस्ट लिहायचंच टाळायचो. दत्ता वैतागला. “दर पंगतीला नवा मांडव कशाला रं? खांब एकदाच पुरून ठिवू!” आणि त्यानं मॅक्रो लिहिले. आपण एक ओळ टाकायची, बाकीचा पसारा मॅक्रो मांडणार आणि आवरणारही. मग आळशातला आळशीसुद्धा टेस्ट लिहू लागला, म्हणजे मी. एका बाबतीत मात्र तो कडक होता. टेस्ट आजच्या तारखेवर टांगायची नाही, नाहीतर काल पास झालेली उद्या उगाच लाल होते, म्हणजे नापास. यावरून त्यानं भल्याभल्यांना झापलंय.

आणि परवा त्याचीच एक टेस्ट लाल झाली. जन्मतारखेवरून वय काढणारा फॉर्म. तारीख त्याच्या पोरीची, मुक्ताची, उत्तर सरळ ठोकून दिलेलं, सहा. म्हणजे आजच्या तारखेवरच टांगलेली. दत्ता असा कसा चुकला? साहेब म्हणाले, कायमची दुरुस्त करून टाक. मी केली, आता ती तारीख बदलली तरी लाल होणार नव्हती. मग आठवलं, म्हणजे आज पोरीचा वाढदिवस... शुभेच्छा द्यायला घरी फोन लावला. मुक्तानंच उचलला.

“काका, तुमच्या हापिसात लाल झालं का?”

“तुला कसं कळलं गं?”

“बाबा मुद्दाम तसं ठेवायचे. लाल झालं की हापिसातनं फोन करून इचारायचे, मुक्ताबाई, किती लिवू?”

दत्ता, तू हवा होतास रे. रडू आवरेना. कसाबसा म्हणालो, “झालं बाई लाल. सांग, किती लिहू?”

“सात,” ती म्हणाली.

केलेली दुरुस्ती मी काढून टाकली आणि सात लिहिलं. पुढच्या वर्षी ती टेस्ट पुन्हा लाल होईल, आणि मी पुन्हा तिलाच विचारीन.