त्याने मारलं, पण आठी पडली नाही

मैत्रिणींनो, मी चंद्रपुरात त्वचेच्या दवाखान्यात नर्स आहे.

कपाळाला बोटॉक्सचं, म्हणजे आठ्या पडू न देणारं, इंजेक्शन घेतलेल्या एक ताई आज तपासणीला आल्या. मागून त्यांचा नवरा घुसला. "कोणाले दाखवाले थोबाड बदलवलं?" म्हणत त्याने खाडकन कानाखाली मारली. ताईंचा ओठ फुटला. मी स्टूल उचलून त्याच्या पाठीत हाणलं.

ताईंच्या कपाळावर एक आठी नाही. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

"अशी काऊन पाहून राह्यली?" म्हणत तो मागे सरकला, पळाला.

रक्त पुसताना ताई म्हणाल्या, "पोलिसाले बोलवा. अन् डॉक्टरले सांगा, इंजेक्शन झकास बसलं. आज पहिल्यांदा त्याले माझं भेव वाटलं."

इंजेक्शन न घेताच, मार सोसूनही असा कोरा चेहरा करून घरात वावरणाऱ्या तुमच्यात किती जणी आहेत?